संख्याशास्त्राचा प्राध्यापक व्हायचंय? बीएस्सीपासून प्रोफेसरपदापर्यंतची वाट

निकाल लागले की बीएस्सीची मुलं गुणपत्रिका घेऊन विभागात येतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो. "मॅडम, डेटा सायन्सचा कोर्स करून कंपनीत जाऊ, की एमएस्सी स्टॅट करून पुढे प्राध्यापक होऊ?" मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, एखादी सिद्धता दोन दिवस सुटली नाही तर तू काय करतोस? उत्तर शोधून वाचणारा आणि पुढच्या कामाला लागणारा मुलगा कंपनीत चांगलं काम करेल. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच कागदाकडे जाणाऱ्याला मात्र मी खुर्ची देते आणि सगळी वाट सांगायला बसते. ते सगळं इथे एकत्र लिहून काढलंय.

हे काम नेमकं काय असतं, हे आधी समजून घ्या. विद्यापीठातल्या किंवा महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांना १४ तास. त्याभोवती पेपर काढणं, तपासणं, प्रॅक्टिकलची जर्नल्स, प्रवेश, नॅकचं मूल्यांकन आणि निरनिराळ्या समित्या. संशोधनाला जो वेळ मिळतो तो या सगळ्यातून वाचवून काढलेला असतो. शिवाय आपल्या विषयाचं वेगळेपण असं की बाकीचे विभाग आपला दरवाजा ठोठावतात. वनस्पतिशास्त्र, मानसशास्त्र, वैद्यक, शेती, सगळ्यांकडे आकडे असतात आणि त्यांचं काय करायचं हे विचारायला ते आपल्याकडे येतात. म्हणून माझा आग्रह असा आहे की अवघड गणित नोकरी लागण्याआधी करून घ्या. डेटा आयुष्यभर येत राहतो. सलग सहा महिने एकाच प्रमेयावर बसायची मोकळीक पुन्हा मिळत नाही.

बीएस्सीची तीन-चार वर्षं

इथे तीन गोष्टी पक्क्या हव्यात: वास्तव विश्लेषण, रेखीय बीजगणित आणि संभाव्यता. आपल्याकडे संख्याशास्त्र घेतलेली पुष्कळ मुलं गणिताचे पेपर गुणांपुरते करतात आणि एमएस्सीला अडखळतात. मध्यवर्ती सीमा प्रमेय पाठ असणं वेगळं आणि अभिसरणाचे प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखता येणं वेगळं. बहुचल विश्लेषण म्हणजे शेवटी मॅट्रिक्सचंच काम आहे. आयगेनमूल्यं हाताने काढून त्यांचा भूमितीतला अर्थ सांगता आला नाही, तर पुढे प्रमुख घटक विश्लेषण म्हणजे नुसतं बटण दाबणं उरतं.

प्रॅक्टिकलचं जर्नल मित्राचं बघून उतरवू नका. कॅल्क्युलेटरवर केलेलं एक समाश्रयण तुम्हाला सॉफ्टवेअरच्या दहा आउटपुटपेक्षा जास्त शिकवतं, कारण कोणता आकडा कुठून आला हे हातांना कळलेलं असतं. ते झालं की आर शिका. ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली ही भाषा फुकट आहे, तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली, आणि जगभरचे संख्याशास्त्रज्ञ नवी पद्धत शोधली की तिचं पॅकेज तिथे टाकतात. पायथॉन नंतर येईल, घाई नाही.

इंग्रजीची भीती असेल तर एक उपाय सांगते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी परिकल्पना, आकलन (एस्टिमेशन), प्रमाण विचलन या शब्दांतच आधी विचार करावा आणि मग तोच विचार इंग्रजीत लिहावा. मी स्वतः असंच शिकले. संकल्पना पक्की असली की भाषा एका वर्षात जुळते.

एमएस्सी कुठे करायची

शक्य तितक्या अवघड जागी करा. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे आयएसआय, ही पहिली आकांक्षा असावी. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती १९३१ मध्ये स्थापन केली आणि १९५९ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिथल्या एमस्टॅटची स्वतःची प्रवेश परीक्षा असते आणि तीत सिद्धता लिहाव्या लागतात, फक्त पर्याय निवडून भागत नाही. फी नाममात्र असते आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते, हे आपल्याकडच्या पालकांना बऱ्याचदा माहीतच नसतं. आयआयटी कानपूर आणि आयआयटी मुंबई इथल्या एमएस्सीसाठी जॅम या सामाईक प्रवेश परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर द्या.

महाराष्ट्रातले विभागही कमी नाहीत. पुणे विद्यापीठात १९५३ पासून वसंत शंकर हुजुरबाजार यांनी हा विषय रुजवला. कोल्हापुरात जन्मलेले हुजुरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे पीएचडी करून आले होते. त्यांच्या विभागाने शिकवणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या घडवल्या. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, जळगावचं विद्यापीठ, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि तिकडे गोवा विद्यापीठ, इथेही पर्याय आहेत. निवडताना इमारत आणि प्लेसमेंटचे आकडे बघू नका. किती पूर्णवेळ, कायमस्वरूपी शिक्षक आहेत आणि गेल्या पाच वर्षांत त्यांनी काय छापलंय हे बघा. विभागाच्या संकेतस्थळावर अर्धा तास घालवला की हे कळतं.

नेट, सेट आणि गेट

नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, नेट देशपातळीची आणि सेट राज्याची. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातच तयारीला लागा. आपल्या विषयाला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) नेट नाही, सीएसआयआरची मॅथेमॅटिकल सायन्सेसची नेट द्यावी लागते. पेपर २०० गुणांचा आणि तीन तासांचा. अ भाग सामान्य बुद्धिमापनाचा, २० पैकी १५ प्रश्न. ब भागात ४० पैकी २५ प्रश्न, प्रत्येकी ३ गुण, चुकलं तर ०.७५ वजा. क भागात ६० पैकी २०, प्रत्येकी ४.७५ गुण. तिथे एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर ओळखले तरच गुण मिळतात, मात्र ऋण गुण नाहीत.

संख्याशास्त्राची मुलं इथे ठेच खातात ती ब भागात. तिथले २५ प्रश्न फक्त संख्याशास्त्राच्या बळावर भरत नाहीत, रेखीय बीजगणित आणि विश्लेषण करावंच लागतं. म्हणून मी बीएस्सीच्या गणितावर एवढी अडून बसते. क भागात मात्र आपली बाजू बळकट असते: मार्कोव्ह साखळ्या, आकलन, परिकल्पना परीक्षण, रेखीय प्रतिमानं, नमुना निवड, प्रयोगांची आखणी. मागच्या दहा वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवा आणि प्रत्येक चुकलेल्या पर्यायापुढे तो का चुकीचा, याचं एक प्रतिउदाहरण लिहा. ती वही परीक्षेनंतरही उपयोगी पडते, माझ्याकडची अजून वर्गात वापरते.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. ऋण गुण नाहीत. सेट या दोन राज्यांपुरतीच चालते, नेट देशभर. दोन्ही द्या. नेटमधून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ अधिछात्रवृत्ती, झाल्यावर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं भत्ता. पीएचडीच्या काळात ट्यूशन घेत फिरावं लागत नाही, यातच तिचं खरं मोल आहे. गेटमध्ये २०१९ पासून संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे आणि आयआयटीत पीएचडीला जायचं असेल तर तो द्यावा. जेआरएफ हुकलेल्यांनी आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवर डोळा ठेवावा.

मार्गदर्शक आणि विषय

या टप्प्यावर मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मुलं आधी जागा कुठे रिकामी आहे ते बघतात, मग मार्गदर्शक, आणि शेवटी विषय. मला हा क्रम उलटा हवा.

नियम काय म्हणतो ते बघू. २०२२ च्या यूजीसी नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. पीएचडीचा किमान काळ तीन वर्षं, कमाल सहा. स्त्रियांना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना वाढीव दोन वर्षं मिळू शकतात. बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत मिळते. मुलींनी हे नियम स्वतः वाचून ठेवावेत, कारण कार्यालयात विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटा. तीनच प्रश्न विचारा. सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा बसतात? लिहिलेलं पान किती दिवसांत वाचून परत देतात? पीएचडीनंतर तू त्यांच्याशिवाय एक तरी निबंध लिहिलास का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. विद्यार्थ्याला स्वतःच्या पायावर उभं करणारा मार्गदर्शक शेवटी तिथेच ओळखू येतो.

आता विषय. एखाद्या प्रसिद्ध वितरणाला एक जादा प्राचल चिकटवायचं, त्याचे आघूर्ण काढायचे, महत्तम संभाविता आकलन करायचं, एका जुन्या डेटासेटवर बसवून दाखवायचं आणि निबंध छापायचा, हा रस्ता आपल्याकडे फार वापरला जातो. निबंध निघतो, पदवीही मिळते. पण मुलाखतीत तज्ज्ञाने "हे वितरण कोणत्या प्रक्रियेतून जन्माला येतं?" असं विचारलं की उमेदवार गप्प होतो. असे गप्प झालेले चांगले, कष्टाळू उमेदवार मी समोर बसून पाहिलेत आणि मला त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटतं. दोष बऱ्याचदा विषय देणाऱ्याचा असतो.

चांगला प्रश्न कसा दिसतो, याचं माझं आवडतं उदाहरण शेतातलं आहे. १९४० च्या दशकात देशात पिकांच्या उत्पादनाचा अंदाज नमुना पाहणीने काढायला सुरुवात झाली होती. बंगालमध्ये महालनोबिस यांची माणसं शेतातले अगदी छोटे तुकडे कापून वजन घेत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांचं म्हणणं होतं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगलेलं दिसतं. कारण साधं आहे: सीमेवरचं रोप आत की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा ते आत धरतो. वर्तुळाची त्रिज्या निम्मी केली की परीघ आणि क्षेत्रफळ यांचं गुणोत्तर दुप्पट होतं, म्हणून तुकडा जितका लहान तितका या कडेच्या रोपांचा वाटा मोठा. नमुन्यांची संख्या वाढवून ही चूक जात नाही. यादृच्छिक चूक सरासरीत विरते, एकाच बाजूला झुकणारा कल (बायस) तसाच राहतो. या एका वादात नमुना सिद्धांत आहे, भूमिती आहे, विळा हातात असलेल्या माणसाचा स्वभाव आहे, आणि देशाला धान्य किती आयात करावं लागेल हा प्रश्नही आहे. आजही पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते, तेव्हा हा प्रश्न शिळा झालेला नाही.

असे प्रश्न आजही भोवती पडलेत. राष्ट्रीय नमुना पाहणीचा नमुना राज्य पातळीवर चांगला अंदाज देतो, पण तालुक्याला येईपर्यंत हाताशी मोजकीच कुटुंबं उरतात. तिथे शेजारच्या तालुक्यांची आणि जनगणनेची माहिती उसनी घेऊन अंदाज कसा सुधारायचा, हा लहान क्षेत्रांच्या आकलनाचा विषय आहे. फे आणि हेरियट यांचं १९७९ चं प्रतिमान तिथली पहिली पायरी. किंवा पावसाच्या नोंदी घ्या: बरेचसे दिवस शून्य आणि मधेच १५० मिलिमीटर. साधं वितरण तिथे बसत नाही, आणि ते का बसत नाही याचं कारण सांगता येतं. विषय निवडताना स्वतःला विचारा, याचं उत्तर मिळालं तर कोणाचा तरी निर्णय बदलेल का, किंवा निदान एखाद्या प्रमेयातली अट शिथिल होईल का? दोन्हींचं उत्तर नाही आलं तर दुसरा विषय शोधा.

शुद्ध सिद्धांताची ओढ असेल तर तीही दाबू नका. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ मध्ये फलनांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावर निबंध लिहिला. त्यातला विस्तार पुढे कारहुनेन आणि लोएव यांच्या नावाने जगभर शिकवला गेला. आणि १९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि पार्कर यांच्यासोबत लॅटिन चौरसांविषयीचं ऑयलरचं जवळपास पावणेदोनशे वर्षं टिकलेलं अनुमान खोटं ठरवणारे शरदचंद्र श्रीखंडे हेही आपलेच. मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते पहिले प्रमुख. प्रयोगांच्या आखणीचा विषय त्यांना अशा जागी घेऊन गेला.

पीएचडीची वर्षं

पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) किंवा नेट, मुलाखत, आरआरसी म्हणजे संशोधन व मान्यता समितीपुढे विषयाची मान्यता, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा भाग, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, शेवटी खुली मौखिक परीक्षा. कागदोपत्री क्रम हा असा. प्रत्येक पावतीची प्रत ठेवा.

प्रत्यक्ष कामाचं सांगायचं तर पहिलं वर्ष वाचनाला द्या, पण पेन हातात घेऊन. निवडक दहा निबंधांतली प्रत्येक पायरी स्वतः काढा. मूळ लेखकाने 'सहज दिसतं' म्हटलेल्या ठिकाणी बहुतेक वेळा तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण दडलेलं असतं. दुसऱ्या वर्षी सिम्युलेशन सुरू करा. यादृच्छिक अंकांचं बीज कोडमध्ये लिहून ठेवा, प्रत्येक तक्ता कोणत्या फाइलमधून आला याची नोंद करा. माझ्या एका विद्यार्थिनीला परीक्षकाने दोन वर्षांनी एक तक्ता पुन्हा मागितला. तिने पंधरा मिनिटांत तो तसाच्या तसा काढून दाखवला आणि तिथेच बाकीच्या प्रबंधावरचा परीक्षकाचा विश्वास पक्का झाला. प्रबंध लेटेक या गणिती मजकूर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच लिहा.

२०२२ पासून प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेला असण्याची सक्ती यूजीसीने काढली. तरीही दोन चांगले निबंध असू द्या, नोकरीच्या छाननीत ते लागतात.

कुठे छापायचं

आपल्या देशातली चांगली घरं आधी ओळखा. महालनोबिस यांनी १९३३ मध्ये सुरू केलेलं संख्या, कलकत्ता स्टॅटिस्टिकल असोसिएशनचं बुलेटिन, इंडियन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचं जर्नल, शेतीसाठी इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्सचं जर्नल. यूजीसी-केअर यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली, म्हणजे आता नियतकालिकाची पारख तुमच्यावर आणि तुमच्या संस्थेवर आली. पारख सोपी आहे. संपादक मंडळातली दोन नावं शोधा आणि त्यांचे निबंध तुम्ही वाचलेत का ते बघा. आठ दिवसांत स्वीकारतो आणि पैसे भरा, असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तिथे छापलेला निबंध नंतर लपवावा लागतो.

परीक्षकांचा नकार आला की दोन दिवस ते पत्र बाजूला ठेवा. मग प्रत्येक आक्षेपाला क्रमांक देऊन उत्तर लिहा, परीक्षक चुकलाय असं वाटलं तरी. त्याला समजलं नाही म्हणजे परिच्छेद दुरुस्त करायला हवा.

नोकरी: जाहिरात, बिंदुनामावली, मुलाखत

पात्रता अशी: एमएस्सीला किमान ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत, आणि नेट किंवा सेट किंवा नियमाप्रमाणे झालेली पीएचडी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठीही पीएचडी अनिवार्य राहिलेली नाही. स्पर्धेत मात्र ती जवळपास लागतेच. २०१८ च्या यूजीसी नियमावलीतल्या विद्यापीठांसाठीच्या तक्त्यात पीएचडीला ३० गुण आहेत, पदव्युत्तर पदवीला जास्तीत जास्त २५, बीएस्सीला १५, निबंधांना १० आणि अध्यापनाच्या अनुभवाला १०. महाविद्यालयांच्या तक्त्यात पीएचडीला २५ आणि बीएस्सीला २१. बीएस्सीचे गुण इतक्या उशिरा पुन्हा मोजले जातात, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मी मुद्दाम सांगते. राज्य शासनाचे स्वतंत्र निर्णय यावर येत असतात आणि यूजीसीनेही जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमावलीचा मसुदा काढला होता. म्हणून अर्ज करताना त्या जाहिरातीसोबतचा ताजा शासन निर्णय वाचूनच पुढे जा.

जाहिरातीत पद दिसलं की बिंदुनामावलीतला (आरक्षणाचा क्रम ठरवणाऱ्या यादीतला) प्रवर्ग, पद अनुदानित आहे की विनाअनुदानित, आणि विषयाचं नाव काय लिहिलंय हे तीन रकाने आधी बघा. जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर, आधीच्या संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र, या कागदांना महिने लागतात. जाहिरात आल्यावर धावपळ करून ते मिळत नाहीत.

आता तासिका तत्त्वाबद्दल. आपल्या राज्यात भरती वर्षानुवर्षं रखडते आणि पात्र मुलं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तासाच्या पैशांवर राबतात. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणजे पैसेही नाहीत. मीही त्यातून गेले आहे. एका महाविद्यालयात पहिल्या सत्राचं मानधन हातात पडेपर्यंत दुसरं सत्र संपत आलं होतं. हा अन्याय आहे आणि तो अन्याय आहे असंच म्हटलं पाहिजे. ज्यांना तिथे राहावं लागतं त्यांच्यासाठी दोन सूचना. नेमणुकीचं पत्र आणि अनुभवाचा दाखला दरवर्षी विद्यापीठाच्या मान्यतेसह घ्या, नाहीतर नंतर तो अनुभव धरत नाहीत. आणि स्वतःला मुदत घाला. पीएचडीनंतर तीन वर्षं सीएचबीत गेली आणि जाहिराती नाहीत, तर राज्याबाहेरची केंद्रीय विद्यापीठं, आयसर, एनआयटी, मुंबईतली लोकसंख्या विज्ञान संस्था, दिल्लीची कृषी सांख्यिकी संशोधन संस्था, आयएसआयमधल्या पोस्टडॉकच्या जागा, इकडे अर्ज करा. औषध कंपन्यांतल्या जैवसंख्याशास्त्राच्या कामातून पुन्हा विद्यापीठात आलेली माणसंही आहेत.

मुलाखतीत वीस मिनिटांत तीन गोष्टी होतात: प्रबंध पाच वाक्यांत सांगा, फळ्यावर काहीतरी शिकवून दाखवा, आणि पायाभूत प्रश्न. पाच वाक्यं आधी घरातल्या विषय न शिकलेल्या माणसाला ऐकवा. शिकवायला अवघड विषय घेऊ नका. पर्याप्तता किंवा राव–ब्लॅकवेल प्रमेय घ्या, आणि एका नाण्याच्या उदाहरणाने सुरुवात करा. सी. आर. राव यांचा तो निबंध १९४५ चा, तेव्हा ते पंचविशीत होते. पायाभूत प्रश्नात पी-मूल्याचा अर्थ हमखास येतो. 'शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता' असं म्हणालात की मुलाखत तिथेच संपते.

रुजू झाल्यावर वेतन शैक्षणिक स्तर १० पासून सुरू होतं, मूळ वेतन ५७,७०० रुपये.

पहिली पाच वर्षं

पहिल्या वर्षी संशोधन जवळपास थांबतं. त्याची खंत करू नका, पण आठवड्यातला एक अर्धा दिवस वेळापत्रकात स्वतःच्या नावाने राखून ठेवा आणि प्राचार्यांना किंवा विभागप्रमुखांना तो लेखी कळवा.

शिकवताना खरा डेटा वापरा. भोरच्या एसटी स्थानकात बसच्या येण्याच्या वेळा मुलांनी मोजून आणल्या की पॉयसन प्रक्रिया आणि तिच्या गृहीतकांचा भंग, दोन्ही एका तासात दिसतात. चाचणीच्या पेपरात आकडेमोड कमी आणि 'या आउटपुटवरून काय म्हणता येणार नाही?' असे प्रश्न जास्त ठेवा.

दुसऱ्यांच्या डेटावर काम करताना

१९३८ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी परिषदेपुढे बोलताना रोनाल्ड फिशर म्हणाले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदन करायला सांगणं. आज जवळपास ९० वर्षांनीही माझ्या टेबलावर तसेच प्रबंध येतात. तीन कुंड्या, प्रत्येक कुंडीतली दहा पानं, आणि विश्लेषणात नमुन्याची संख्या ३०. ती ३ आहे. किंवा त्याच रुग्णांची आधीची आणि नंतरची साखर, आणि टी-चाचणी मात्र दोन स्वतंत्र गटांची.

म्हणून आपल्या संस्थेत सांगून ठेवा की डेटा गोळा करण्याआधी या. पहिल्या भेटीत आकडे बघू नका. प्रश्न काय, यादृच्छिकीकरण कशाचं झालं, मोजमाप कोणी केलं आणि गळालेले लोक कुठे गेले, हे चार प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्या. तुमचं नाव सहलेखक म्हणून येणार की फक्त आभारात, हे कामाआधी ठरवा, आणि शक्यतो ईमेलवर. "मॅडम, काहीतरी करून सिग्निफिकंट काढून द्या" असं म्हणणाऱ्याला शांतपणे नाही म्हणा. तो माणूस दुसरीकडे जाईल, जाऊ द्या. अशा कामांतून कधी कधी तुमचाच पुढचा सैद्धांतिक प्रश्न निघतो, तेव्हा प्रत्येक भेटीची एक वेगळी वही ठेवा.

कॅस आणि स्थाननिश्चिती

कॅस म्हणजे सेवेतल्या बढतीची योजना, आणि तीतून वरच्या स्तरावर जाणं म्हणजे स्थाननिश्चिती. २०१८ च्या नियमावलीप्रमाणे स्तर १० वरून ११ ला पीएचडी असेल तर ४ वर्षांनी, नसेल तर ६ वर्षांनी. ११ वरून १२ ला ५ वर्षं. १२ वरून १३-अ, म्हणजे सहयोगी प्राध्यापक, ३ वर्षं आणि इथे पीएचडी हवीच. विद्यापीठातल्या शिक्षकाला सात निबंधही लागतात, त्यातले तीन मूल्यमापनाच्या काळातले. तिथून स्तर १४, प्राध्यापक, ३ वर्षांनी, दहा निबंध आणि संशोधनाचे ११० गुण. थेट भरतीने प्राध्यापक व्हायचं तर १० वर्षांचा अनुभव आणि १२० गुण.

स्थाननिश्चिती अडकते ती बहुतेक कागदांवर. रिफ्रेशर आणि ओरिएंटेशनची प्रमाणपत्रं मुदतीतली नसतात, वर्षाचा अहवाल सही होऊन परत आलेला नसतो, सुरुवातीच्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता सापडत नाही. दर वर्षी जूनमध्ये एक दिवस बसा. गेल्या वर्षाचं वेळापत्रक, निकाल, समित्यांची पत्रं, निबंधांची पहिली पानं स्कॅन करा, वर्षाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. मूल्यांकनाचा तक्ता त्याच दिवशी भरून विभागप्रमुखांची सही घ्या, कारण तीन वर्षांनी त्या खुर्चीवर दुसरं कोणी असतं.